ठिपक्याच्या जागचा खड्डा

३ मार्च, मंगळवार

खादाड जागा झाला. कित्येक वर्षं घोरत पडला होता. परवा एका उपग्रहाला त्याच्या दिशेने क्ष-किरण दिसायला लागले आणि आज सकाळपर्यंत ते भलतेच वाढले. बाईंनी मला जिन्यातच गाठलं आणि म्हणाल्या, "तुझा पाहुणा उठला गं. ताट वाढायला घे." बाई आमच्या गटाच्या प्रमुख. निवृत्ती तोंडावर आली तरी लिफ्टने जायचं नाव काढत नाहीत.

खादाड हे नाव मी ठेवलेलं. यादीतलं त्याचं नाव म्हणजे चार अक्षरं आणि पुढे लांबलचक आकडा, अशा नावाच्या कुणाशी सलगी कशी करणार? तो एक कृष्णविवर आहे आणि त्याच्या शेजारी एक गरीब स्वभावाचा साधा तारा नांदतो. खादाड वर्षानुवर्षं त्या ताऱ्याचा वायू ओढून आपल्याभोवती साठवत बसतो आणि मग एक दिवस एकदम ताव मारतो. पण सगळं काही पोटात जात नाही. थोडं ताटाबाहेर उडतं, आणि उडतं तेही असं, की वर एक आणि खाली एक असे दोन सरळ झोत निघतात. त्या झोतांतले गोळे रेडिओ दुर्बिणीला ठिपक्यांसारखे दिसतात. ते किती वेगाने पळतात हे मोजायचं, एवढंच माझं काम. महिना-दीड महिन्यात ठिपके विझून जातात, मग पुन्हा खादाड उठेपर्यंत हात चोळत बसायचं. माझा करार जूनपर्यंत आहे, तेव्हा हा उठला तो माझ्यासाठीच उठला असं मी धरून चालले आहे.

ज्योतिष्याला लगेच वर जाऊन सांगितलं. ज्योतिषी म्हणजे माझा नवरा. तो याच संस्थेत वरच्या मजल्यावर बसतो आणि आकाशाकडे न बघता कागदावर भाकितं करतो, म्हणून सगळ्यांनी त्याला ते नाव दिलं आहे. खादाडाबद्दलचं त्याचं भाकीत बरंच गाजलेलं आहे: हे विवर स्वतःभोवती फारसं फिरतच नाही, म्हणून त्याचे झोत आळशी, प्रकाशाच्या निम्म्या वेगापुढे जायचे नाहीत. पुढच्या महिन्यात कायम जागेसाठी त्याची मुलाखत आहे, तिथे तो हेच मांडणार आहे. मला वाटलं होतं तो उडी मारेल. तो म्हणाला, "आत्ताच?"

६ मार्च, शुक्रवार

दुर्बिणीचा पहिला डेटा आज आला, पण माझ्याकडे नाही. आमच्या गटाची एक रीत आहे. बाहेरच्यांना ती वेडेपणाची वाटते, म्हणून एकदा लिहून ठेवते. फार वर्षांपूर्वी आमच्या गटाने एक ठिपका जगाला जाहीर केला. तो ठिपका नव्हताच, गणिताचा कचरा होता. बघणाऱ्याला ठिपका हवा होता म्हणून दिसला. परिषदेत लोक बाईंच्या तोंडावर हसले. दुधाने तोंड पोळलं, तेव्हापासून आम्ही ताकही फुंकून पितो.

तर रीत अशी. डेटा आधी एका राखणदाराकडे जातो. राखणदाराच्या मनात आलं तर तो त्यात एक खोटा ठिपका मिसळतो, नाही आलं तर तसाच पुढे देतो. मोजणाऱ्याला यातलं काही कळत नाही. मोजणाऱ्याने आपलं उत्तर बाईंकडे दिलं, आता त्यात काना-मात्रा बदलणार नाही असं ठरलं, की राखणदार सगळ्यांसमोर सांगतो, ठिपका माझा आहे की आकाशाचा. माझा म्हणाला तर मूळ, हात न लावलेली प्रत परत देतो. राखणदाराचा शब्द अखेरचा.

गेली काही वर्षं राखणदार ज्योतिषीच आहे, कारण इतका हुबेहूब खोटा ठिपका दुसऱ्या कुणाला जमत नाही. नवराच राखणदार कसा चालेल, अशी शंका एकदा कुणीतरी काढली होती. तेव्हा बाई म्हणाल्या, "लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ही दोघं घरी बोलत असतील असं वाटतं का तुम्हाला?" सगळे हसले आणि विषय संपला. बोलतो आम्ही भरपूर. फक्त खादाडाबद्दल उत्तर देईपर्यंत बोलत नाही.

१३ मार्च, शुक्रवार

आठवड्यात तीन वेळा दुर्बीण फिरवली, तीन चित्रं हातात आली. ठिपका आहे.

तिन्ही चित्रांत आहे आणि दर वेळी पुढे सरकलेला आहे. सरकलेला म्हणजे किती, तर वेग मांडला तेव्हा तो प्रकाशाच्या दीडपटीपेक्षा जास्त आला. मी दचकले नाही. ठिपका आपल्याच उजेडाच्या मागोमाग आपल्याकडे धावत येत असतो. त्यामुळे त्याची आधीची खबर आणि नंतरची खबर जवळजवळ लागोपाठ पोचतात, आणि आपल्याला वाटतं, एवढं अंतर एवढ्यात कापलं? तो नजरेचा खेळ असतो. पण असा खेळ दिसायला सुद्धा खरा वेग प्रकाशाच्या पंचाऐंशी टक्क्यांच्या वर लागतो. आळशी झोताला हे जमणारं नाही.

म्हणजे ज्योतिष्याचं भाकीत गेलं. किंवा ठिपका त्यानेच घातलेला आहे. पण खोटा ठिपका घालायचाच तर आपल्याच भाकिताच्या उरावर बसणारा कोण घालेल? मला हसू आवरेना. घरी कुणाला काही बोलले नाही, नियम म्हणजे नियम. भाजीत मात्र दोनदा मीठ पडलं. सासूबाई दोन पेले पाणी प्यायल्या. ज्योतिषी माझ्याकडे बघत म्हणाला, "आज गुणगुणतेयस." मी म्हटलं, मीठ छान झालंय म्हणून.

१५ मार्च, रविवार

ज्योतिषी आज दिवसभर ऑफिसात होता. मुलाखतीची चित्रं करायची आहेत म्हणाला. रविवारी हा माणूस अंथरुणातून उठत नाही, म्हणून सासूबाईंना काळजी वाटली. मला बरंच वाटलं, घर शांत मिळालं. स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून सगळं पुन्हा मोजलं. उलट्या बाजूलाही एक मंद ठिपका सापडला, आपल्यापासून लांब पळणारा. लांब जाणारा मंद आणि हळू दिसायलाच हवा, आणि तो हवा तितकाच मंद आहे. पण इतका अंधुक, की उत्तरात घालायची हिंमत झाली नाही. फक्त मोठा ठिपका लिहिला. उद्या बाईंना देणार.

ज्योतिष्याचं वाईट वाटतं. मुलाखतीच्या तोंडावर बायकोनेच भाकीत पाडायचं म्हणजे काय. पण तो खिलाडू आहे. उलट तो म्हणेल, बघा, आमच्या घरातच पडताळा झाला.

१७ मार्च, मंगळवार

ठिपका खोटा निघाला.

सगळे जमले होते. बाईंनी माझं उत्तर मोठ्याने वाचलं. मग त्या ज्योतिष्याकडे वळल्या. तो जागेवरून उठला नाही. म्हणाला, "ठिपका माझा." आणि मग माझ्याकडे न बघता, "सॉरी."

मी हसले. हसायचंच असतं, रीतच तशी आहे. बाकीच्यांनी मला खोट्या ठिपक्याची मालकीणबाई करून टाकलं, आणि मीही मान लववून तो मान घेतला. नंतर जिन्यात मी त्याला विचारलं, दुसऱ्या बाजूचा अंधुक ठिपकाही तूच घातलास का रे? तो थांबला. बाटलीतलं पाणी प्यायला, झाकण लावलं आणि म्हणाला, "अर्थात." किती बारकाईने काम करतो हा माणूस. मला तर कौतुकच वाटलं. खोटं करायचं तर असं करावं, की करणाऱ्यालाच खरं वाटावं.

पण घरी येऊन न्हाणीघरात रडले. नळ सोडून रडले, म्हणजे सासूबाईंना ऐकू जायला नको. ठिपक्यासाठी नाही. तीन-चार दिवस मी कुणीतरी होते, त्यासाठी.

१८ मार्च, बुधवार

ज्योतिषी माझ्याशी फार चांगला वागतोय. काल रात्रीची भांडी त्याने घासली. आज संध्याकाळी शेगडी काढून तिच्या खालची तेलकट फरशी घासत होता. त्या फरशीकडे या घरात आजवर कुणाचं लक्षही गेलं नव्हतं.

सासूबाई खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. मला म्हणाल्या, लहानपणी हा असाच होता. काही मोडलं की आधी घर झाडून लख्ख करायचा. आम्ही सगळ्यांना कौतुकाने सांगायचो, बघा, किती गुणी मुलगा. दोन दिवसांनी कपाटामागे काचा सापडायच्या. ज्योतिषी हसला. मीही हसले. मी म्हटलं, आई, या वेळी माझंच मोडलंय, तो झाडतोय एवढंच.

मी त्याला झोपताना थँक्यू म्हटलं. राखणदार निष्ठुरच असायला हवा, नाहीतर रीतीला अर्थ नाही, असंही म्हटलं. त्याने दिवा मालवला.

२३ मार्च, सोमवार

मूळ प्रत मिळाली. ज्योतिष्याने लगेच द्यायची होती, सहा दिवस लावले. कामात होता.

पहिलं चित्र उघडलं. खादाड मधोमध चमकतोय, बाकी सगळीकडे नेहमीची गोंगाटाची, म्हणजे बिनकामाच्या खरखरीची, खसखस. ठिपका अर्थातच नाही. तरी माझे डोळे सवयीने त्या जागी गेले. तिथे एक बारीकसा खड्डा आहे. म्हणजे तिथला उजेड आजूबाजूच्या गोंगाटापेक्षाही थोडा कमी आहे, कुणी चमच्याने खरवडल्यासारखा. असे खड्डे चित्रात इकडेतिकडे असतातच, त्यांना काही अर्थ नसतो. माझं मनच तिथे अडकलंय म्हणून दिसतंय. बाईंची रीत नेमकी याच आजारावर आहे. बाकीची दोन चित्रं उघडायची इच्छाच झाली नाही.

२६ मार्च, गुरुवार

खादाडावर आमचे दुर्बिणीचे अजून बरेच तास शिल्लक होते. आजच्या मीटिंगमध्ये ज्योतिषी म्हणाला, झोतात काही नाहीये तर तास अडवून कशाला ठेवायचे, दुसऱ्या कुणाला तरी मिळतील. बोलणं सरळ होतं. बाईंनी मला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे? मी म्हटलं, सोडून देऊ. परत करायचं बटण मीच दाबलं.

बाई मला थांबवून म्हणाल्या, तुझ्या कराराचं मी बोलून बघते, पण हातात काहीतरी दाखवायला असतं तर सोपं झालं असतं. त्यांचा आवाज फार मऊ होता. एरवी त्या ओरडतात तेव्हा मला जास्त बरं वाटतं.

ज्योतिष्याला हे सांगितलं तर तो एकदम म्हणाला, "एकदा मी कायम झालो की तुझंही होईल बघ. मी करीन." त्याने हे इतक्या घाईने म्हटलं, की मला वाटलं तो हे बरेच दिवस घोकत असावा.

२ एप्रिल, गुरुवार

काही लिहावंसं वाटत नाही. ज्योतिषी मुलाखतीची तालीम सासूबाईंसमोर करतो. त्यांना त्यातलं काही कळत नाही, पण झोतांचं चित्र आलं की त्या न चुकता "वा" म्हणतात. आज माझ्यासमोर केली. शेवटच्या चित्राखाली त्याने लिहिलं आहे: ताज्या निरीक्षणांत वेगवान झोताचा मागमूस नाही. खाली माझं नाव दिलं आहे, निरीक्षणं माझी म्हणून. मी म्हटलं, माझं नाव कशाला, मी तर काहीच पाहिलं नाही. तो म्हणाला, "न दिसणं हेही निरीक्षणच असतं." बरोबर आहे म्हणा ते.

९ एप्रिल, गुरुवार

मुलाखत झाली आणि निवडही झाली. बाई निवड समितीत होत्या. बाहेर येऊन त्यांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या रडायलाच लागल्या. ज्योतिष्याने मला जिन्यात मिठी मारली, घट्ट, बुडणारा माणूस धरतो तशी. मी म्हटलं, अरे, पास झालास तू, नापास नाही. मी आज मनापासून खूश आहे. पुष्कळ दिवसांनी भूक लागली.

१६ एप्रिल, गुरुवार

दुपारी जाहीरनामा आला. कुणाला आकाशात काही अचानक दिसलं की जगभरच्या मंडळींना चार ओळींचं पत्रक जातं, तसा. दुसऱ्या गोलार्धातल्या एका गटाने आपल्या दुर्बिणीतून खादाडाकडे पाहिलं, आणि त्यांना एक ठिपका दिसला आहे. विझत आलेला, पण आहे. मध्यापासून तो इतका लांब गेलेला आहे, की झोत अतिशय वेगवान असला पाहिजे, असं त्यांनी लिहिलं आहे. आधीची चित्रं कुणाकडे असतील तर कृपया द्यावीत, अशीही विनंती आहे.

मी बाईंकडे दिलेलं माझं उत्तर काढलं. त्यातला वेग घेतला, माझ्या तीन जागा मांडल्या आणि रेघ पुढे ओढली. रेघ त्यांच्या ठिपक्यावर जाऊन टेकली. जवळपास नव्हे, नेमकी.

माझ्या चित्रात ज्योतिष्याने घातलेला ठिपका दुसऱ्याच्या दुर्बिणीत कसा जाईल?

मी सगळी कारणं लावून बघितली. योगायोग असेल. त्याने कल्पनेने काढला आणि आकाशाने तोच खरा करून दाखवला. ही कारणं मी खरोखर मनातल्या मनात म्हणून बघितली, एका शिकलेल्या बाईने. मग राहिलेली दोन चित्रं उघडली, त्याने दिलेली मूळ प्रत, जिला हात लागलेला नाही.

दुसऱ्या चित्रात खड्डा आहे, पण जागा वेगळी आहे, थोडी पुढे. तिसऱ्यात अजून पुढे. गोंगाटातला खड्डा जागच्या जागी उगवतो आणि मरतो, तो कुठे जात नाही. हा खड्डा चालतो. माझ्या ठिपक्याच्याच वेगाने, माझ्या ठिपक्याच्याच पावलावर पाऊल टाकून चालतो.

खरा ठिपका होता, तो त्याने पुसला. पुसताना हात जरा जड पडला. घासण्यात तो नेहमीच जरा जास्त जोर लावतो.

१७ एप्रिल, शुक्रवार

दुर्बिणीच्या कोठीत पहिला, कच्चा डेटा कायमचा पडून असतो. मागितला की मिळतो. आमच्या गटात तो कधीच कुणी मागवला नव्हता, कारण राखणदाराचा शब्द अखेरचा. सकाळी मागितला, जेवायच्या आधी आला. चित्र केलं. ठिपका लखलखीत. पलीकडचा अंधुकसुद्धा आहे. कुंपणच शेत खातं हे मी शाळेत वहीत लिहिलं होतं, वाक्यात उपयोग करा म्हणून. तेव्हा काय वाक्य केलं होतं ते आठवत नाही.

१८ एप्रिल, शनिवार

सासूबाई सकाळी शेजारणीबरोबर बाजारात गेल्या तेव्हा विचारलं. ओरडायचं नाही असं ठरवलं होतं आणि ओरडले नाही.

चित्रं पुढे ठेवली. त्याने नाकारलं नाही. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मुलाखतीपर्यंतच. मी नंतर सांगणारच होतो."

"ठिपका विझतो. हे तुला माहीत नाही?"

"माहीत आहे."

मग तो बोलत सुटला. मी गुणगुणत होते त्या दिवशीच त्याला कळलं. त्याने मूळ डेटा उघडला आणि त्यात ठिपका सापडला. एवढ्या वर्षांचं काम समितीसमोर आपल्याच बायकोच्या हातून पडणार. रविवारी बसून त्याने पुसायचा प्रयत्न केला, बघू जमतं का म्हणून. जमलं. मंगळवारी खुर्चीत बसेपर्यंत त्याचं ठरलेलं नव्हतं म्हणे. मला आणि आईला एक पक्कं छप्पर मिळावं म्हणून केलं, असंही म्हणाला. छप्पर आम्हाला आहे. त्याच्याखालीच बसलो होतो.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस? 'थांब' म्हटलं असतंस, तर मी थांबले असते."

याचा त्याने विचारच केला नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. दुर्बीण चालू ठेवायची, चित्रं घेत राहायची, आणि बाईंना उत्तर मुलाखतीनंतर द्यायचं, एवढं तर मी नक्कीच केलं असतं. डोळे झाकून केलं असतं, आणि वर त्यालाच धीर दिला असता. इतक्या वर्षांत त्याने माझा एवढाही अंदाज बांधला नाही. त्याचं एवढं एकच भाकीत खरं ठरायला हवं होतं.

शेवटी त्याने जे मागितलं ते लिहिते, नाहीतर उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसणार नाही. सोमवारी तो गटाला सांगणार आहे, की घोटाळा झाला. खोटा ठिपका सरावाच्या डेटात घातला होता, आपल्याला वाटलं यात घातला. चूक कबूल करणार, माफी मागणार. चुकीबद्दल जागा जात नाही. फक्त त्याने मला दिलेली ती खड्ड्यांची प्रत मी पुसून टाकायची. त्याच्याकडची त्याने कधीच पुसली आहे. "ती तेवढी राहिली नाही तर कुणालाच काही होणार नाही," तो म्हणाला. कुणालाच म्हणताना त्याने मला मोजलं नव्हतं.

१९ एप्रिल, रविवार

दिवसभर विचार केला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. सासूबाईंचं वय झालं आहे, घर एक आहे, आणि जूननंतर माझी नोकरी नसेल. त्याचीही गेली तर? त्याने मला दगा दिला, पण मी त्याला उघडं पाडलं तर लोक म्हणतील, करार संपत आला म्हणून बाईने नवऱ्यावर सूड घेतला. कदाचित तेही खरं असेल. माझ्या मनात सूड नाही असं शपथेवर सांगता येणार नाही.

प्रत पुसायला बसले होते. पुसण्याआधी एकदा तिन्ही चित्रं एकापाठोपाठ एक चालवून बघितली. खड्डा चालत गेला. आकाशात हजारो वर्षांपूर्वी एक गोळा सुटला, एवढा प्रवास करून माझ्यापर्यंत आला, आणि माझ्या घरातल्या माणसाने त्याच्या जागी खड्डा केला, माझ्या नावाखाली. संगणक बंद केला. पुसलं नाही, आणि देणार असंही ठरवलं नाही.

२० एप्रिल, सोमवार

मीटिंगमध्ये त्याने ठरल्याप्रमाणे सांगितलं. चांगलं सांगितलं, माफी दोनदा मागितली. तो अभिनय नव्हता असं मला वाटतं. सगळ्यांचे चेहरे हळवे झाले. एकजण म्हणाला, होतं असं, माणूस आहे. मला कुणी काही म्हणालं नाही. ज्याची वस्तू हरवते त्याच्यापेक्षा हरवणाऱ्यालाच लोक जास्त धीर देतात, हे आज बघितलं.

 बाईंनी मात्र विचारलं, "घोटाळा झाला असेल, तर तू हिला परत दिलेल्या मूळ प्रतीत ठिपका असायला हवा. हिला तो तिथे कसा दिसला नाही?"

 ज्योतिषी म्हणाला, "तिने... नीट बघितली नसेल." आणि माझ्याकडे पाहिलं.

तोपर्यंत मी ठरवलेलं नव्हतं. हे मी अगदी प्रामाणिकपणे लिहिते आहे. त्याने तेवढं एक वाक्य म्हटलं नसतं, तर मी कदाचित खाली मान घालून बसले असते आणि जन्मभर बसून राहिले असते. पण मला बघता येत नाही असं कुणी म्हणायचं नाही. मला दुसरं येतंच काय?

"मी नीट बघितली, बाई," मी म्हटलं. उठले आणि तिन्ही चित्रं भिंतीवर लावली, एकामागून एक. समजावून सांगावं लागलं नाही. त्या खोलीत सगळेच हे काम करणारे. तिसरं चित्र आलं तेव्हा बाईंनी चष्मा काढला आणि टेबलावर उलटा ठेवला. त्यांनी ज्योतिष्याला काही विचारलं नाही. तो उठून गेला तेव्हा दार त्याने अगदी हळू लावून घेतलं, आवाज न करता.

बाईंनी मला त्यांच्या खोलीत बसवलं आणि चहा दिला. राखणदार ही रीत मी काढली, म्हणाल्या, राखणदाराची राखण कुणी करायची ते तेवढं ठरवायचं राहून गेलं. दुसऱ्या गोलार्धातल्या मंडळींना माझी तीन चित्रं पाठवू असं ठरलं. शोध त्यांचा, आधीची चित्रं माझी. मधला महिना कुणाकडेच नाही. ठिपका त्या महिन्यात कसा विझत गेला, त्याच्या मागून आणखी काही सुटलं का, हे आता कुणालाच कळायचं नाही. मला त्याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं असं मी बाईंना म्हटलं. बाई म्हणाल्या, "बरं." त्यांचा विश्वास बसला नसावा.

घरी आले तर दार उघडंच होतं. आत साबणाचा वास. पडदे काढलेले, कपाटं भिंतीपासून पुढे ओढलेली, फरशी ओली आणि आरशासारखी चकचकीत. मोरीत बादली भरल्याचा आवाज येत होता, मग घासल्याचा. सासूबाई मधल्या खोलीत खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या होत्या, पाणी लागू नये म्हणून. मला बघून त्यांनी आतल्या आवाजाकडे मान वळवली, मग पुन्हा माझ्याकडे बघितलं, आणि अगदी हळू विचारलं, "काय मोडलं गं याने?"

मी चपला काढल्या नाहीत. तशीच ओल्या फरशीवरून चालत जाऊन त्यांच्याजवळ बसले.